लाभापासून पुन्हा

सव्वादोन महिने झाले.
मोंढ्यात थप्पीवरून तुरीचा कट्टा सुटला,
माझ्या डोक्याला लागून खाली फुटला.
रक्त नाही, टाका नाही.
उठलो, टोपी झटकली
आणि पुढची सतरा पोती मापली,
असं अजीम सांगतो.
मला त्यातलं एकही आठवत नाही.

स्कॅनचं पाकीट गादीखाली आहे.
जो येतो तो काळी फिल्म उजेडाकडं धरतो,
खोटी नोट बघावी तशी,
मग मला बघतो.
"चांगले तर दिसायलाव की, व्यंकटराव."

दिसायला चांगलाच आहे मी.
फक्त ट्यूब लागली की डोळ्यामागं कुणी दाभण घालतं,
शेजारी मिक्सर फिरला की पोटातलं वर येतं,
आणि काल पाणी मागायचं होतं तर
हात पुढं केला, तोंड उघडलं,
ते... पितळेचं... आत्ता इथंच होतं...
मुक्तानं तांब्या दिला. काही बोलली नाही.
तिच्या न बोलण्याचा राग आला.
बोलली असती तरी आला असता.
मागच्या रविवारी मी तिच्या हातातली परात भिंतीवर मारली
आणि त्या आवाजानं मीच
कान धरून खाली बसलो.

वरच्या खोलीत निलंग्याचा पोरगा राहतो,
डॉक्टरकीच्या परीक्षेला बसलेला.
त्यानं वहीत काढून दाखवलं:
काका, मेंदू पाण्यात तरंगतो.
कट्टा लागला कवटीला,
मेंदू आपटला आपल्याच घराच्या भिंतीवर.
म्हटलं, लातुरात पाणी मुरतंय ते इथं होय!
तो हसला, मीही हसलो.
हसल्यावर ठणकलं.

त्र्याण्णवला मी नऊ वर्षांचा होतो.
आमच्या घराच्या भिंती राहिल्या होत्या.
साहेब आला, कोपऱ्याकोपऱ्यात बॅटरी मारून गेला:
भेग नाही, झोपा आत.
आई वर्षभर अंगणात झोपली.
रस्त्यानं ट्रक गेला तरी उठून बसायची, जमिनीला हात लावून.
आम्ही भावंडं तिची नक्कल करायचो.
आई,
पाचच्या सुमाराला रोज
माझ्या कानामागून तो ट्रक जातो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडं थोडं.
वीस मिनिटं काम, वीस मिनिटं अंधार.
खिडकीला गोणपाट लावलंय, त्याला तुरीचा वास आहे.
तुरीचा वास चालतो. कांद्याच्या फोडणीचा चालत नाही.
खिशात चिठ्ठी असते:
गॅस बघणे. गोळी. चिडू नका.
शेवटचं मुक्ताच्या अक्षरात.

मापाडी एकाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो.
दुपारी ती पोचा पडलेल्या त्याच परातीत फडकं अंथरते,
आवाज होऊ नये म्हणून,
आणि मापट्यानं हरभरा ओतते, सावकाश.
लाभ. दोन. तीन.
परवा अकरापर्यंत गेलो. काल सातलाच हरवलो.
आज चौदा,
आणि त्याच्या पुढं नुसतं पांढरं.
मुक्ता थांबली, हरभरा परत पोत्यात घातला.
"लाभ," म्हणाली.

काळा चष्मा, कानात कापूस घालून मोंढ्यावर गेलो
तर पोरांनी शिट्टी मारली, हिरो आला.
अजीमनं फाटकावरूनच वळवलं:
"सौदा सुटलाय भाऊ, लई कालवा आहे.
सकाळी पाचला या. तेव्हा नुसती कबुतरं असतात."

गेलो पाचला.
थप्पीपासून चार हात लांब बसलो,
वर बघितलं नाही.
सांडलेल्या दाण्यांवर कबुतरं उतरत होती.
म्हटलं, मोजावीत.
पण ती एका जागी थांबेनात,
आणि तो दोष
माझ्या डोक्याचा नव्हता.